दोनशे एक्कावन्नावा

दुसरी चकती लाकडी रांजणाच्या तोंडाशी नेली तेव्हा ती बोटांत किंचित तिरपी झाली, आणि फिलिनोसला दिसलं की तिच्या मधल्या दांडीला भोक नाही. दांडी भरीव होती. क्षणभर त्याला त्याचा अर्थच लागला नाही. भरीव चकती म्हणजे मत आरोपीला, पोकळ म्हणजे फिर्यादीला, हे त्याला गेली तीस वर्षं आपल्या नावासारखं पाठ होतं. जी मोजायची ती काशाच्या रांजणात, उरलेली लाकडी रांजणात, हेही पाठ होतं. पण आरोपीची चकती अजून त्याच्याच हातात होती, आणि काशाचा रांजण तीन पावलं मागे राहिला होता. "टाका की आजोबा," मागचा पंच कोपरानं ढोसत म्हणाला, "चकती टाकायचीय, लेक नाही सासरी धाडायची." दोघंचौघं हसले. फिलिनोसनं ती टाकली. लाकडाच्या पोटात ती बोदा आवाज करून पडली.

तो बाकावर येऊन बसला. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बघत राहिला. पन्नास वर्षांच्या कातडी कमावण्यानं, चुन्यानं आणि ओकच्या सालीच्या काळ्या पाण्यानं बोटांची टोकं अशी करून टाकली होती की त्यांना आता काटाही कळत नसे. कळवणारं कातडं कधीच गेलं होतं, उरलं होतं ते नुसतं कमावलेलं. बायको जिवंत होती तेव्हा म्हणायची, तुम्ही मला हात लावता तेव्हा जोडा घातल्यासारखं वाटतं. तिला हसू यायचं, त्यालाही. चकत्या देणाऱ्या माणसानं आज त्या नेहमीसारख्या दोन हातांत दिल्या, दांडीची दोन्ही टोकं अंगठ्यात आणि बोटात झाकून धरायची, म्हणजे शेजाऱ्याला आपलं मत दिसत नाही. बाकीचे पंच बोटाच्या पेरानं भोक चाचपतात. फिलिनोस गेली काही वर्षं चाचपल्याचं सोंग करायचा आणि डाव्या हातात कोणती आली ते घेतानाच डोळ्यानं टिपून ठेवायचा. आज घेताना तो आरोपीकडे, लिसानियासकडे, बघत होता. एवढंच झालं. तो माणूस समोर उभा होता आणि पंचांना पाझर फुटावा म्हणून आणलेल्या त्याच्या दोन लेकरांना रडायला सांगूनही रडता येत नव्हतं, म्हणून फिलिनोस तिकडे बघत होता.

लिसानियास दिवे करायचा. मातीचे, तळहाताएवढे, एका चोचीचे. गल्लीतल्या कुठल्याही घरात संध्याकाळी जो उजेड पडे तो त्याच्या हातचा असे. गेल्या वर्षी अधिकारी निवडायच्या, दाणे काढून होणाऱ्या सोडतीत त्याचं नाव धान्यबाजाराच्या देखरेखीला निघालं, तेव्हा सगळी गल्ली त्याच्या दारात येऊन अंजिरं खाऊन गेली. तो एकटाच हसत नव्हता. फिलिनोसला बाजूला घेऊन म्हणाला होता, "काका, मला गहू आणि जव यातला फरक पोळपाटावर आल्यावर कळतो हो." फिलिनोसनं त्याच्या पाठीत थाप मारली होती. "शिकशील. आम्ही नाही का शिकलो? हे राज्य शिकणाऱ्यांचंच आहे." आपण हे वाक्य किती रुबाबात बोललो होतो, ते आता त्याला आठवलं. लिसानियास शिकला नाही. व्यापाऱ्यांनी त्याला गोड बोलून कोठारांची दारं दाखवली, मागच्या खोल्या दाखवल्या नाहीत, आणि वसंतात शहरात भाकरी महाग झाली तेव्हा कुणीतरी कोठारं फोडली, आत धान्य कुजत होतं. शहराला एक माणूस हवा होता. व्यापारी परक्या शहरांचे, ते केव्हाच जहाजात बसून गेले होते. लिसानियास कुठंच गेला नव्हता. तो दिवे करत होता.

फिर्यादी होता एक सुरेख आवाजाचा पोरगा. त्याच्या तोंडून शब्द असे निघायचे की ऐकणाऱ्याला स्वतःच शहाणा झाल्यासारखं वाटे. लिसानियासनं पैसे देऊन कुणाकडून तरी भाषण लिहून आणलं होतं, ते त्यानं घोकलं होतं, आणि निम्म्यात तो विसरला. बोलण्याची वेळ मोजणारं पाण्याचं घड्याळ चालू होतं. वरच्या मडक्यातनं खालच्या मडक्यात बारीक धार पडत होती, आणि पाचशे एक माणसं एका गप्प माणसाकडे आणि एका धारेकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटचे थेंब पडत असताना तो म्हणाला, "मी दिवे करतो. माझं नाव निघालं म्हणून मी गेलो." मग पाणी संपलं. त्या क्षणी फिलिनोसनं मनात ठरवून टाकलं होतं. ठरवलेलं मन आणि न कळणारी बोटं, यांच्यात तीन पावलांचं अंतर.

चकत्या भोकांच्या फळीवर लावून मोजल्या गेल्या. पुकारा करणारा उभा राहिला, घसा साफ केला. पोकळ, दोनशे एक्कावन्न. भरीव, दोनशे पन्नास. मंडपात आधी एक श्वास आत गेला आणि मग गलका झाला. एकच मत फिरलं असतं तर आरोपी सुटला असता. फिलिनोस बसल्या जागी आकडे पुन्हा पुन्हा इकडचे तिकडे करत राहिला. एक इकडून काढायचा, एक तिकडे घालायचा. दोनशे पन्नास, दोनशे एक्कावन्न. इतकं सोपं होतं की पोरानंही केलं असतं. तो उठला, बाकांच्या मधून वाट काढत पुकारा करणाऱ्यापर्यंत गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "माझी चकती चुकली. मला भरीव टाकायची होती." त्या माणसानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यात राग नव्हता, दमलेपणा होता. "आजोबा, पुष्कळांची चुकते. एरवी लोक ते घरी जाऊन बायकोला सांगतात." "पण एकाच मतानं—" "म्हणूनच. आज मी तुमची फिरवली, तर आत्ता इथं दोनशे जण येऊन म्हणतील आमचीही चुकली. कुठली तुमची, ते त्या फळीवर ओळखून दाखवा बरं?" फळीवर चकत्या ओळीनं लागल्या होत्या, पावसाळ्यानंतरच्या बेडकांसारख्या सगळ्या एकसारख्या. आपण याच गोष्टीचा अभिमान धरत होतो, फिलिनोसला वाटलं. कुणाचं मत कुणाला ओळखू येणार नाही, म्हणून कुणी कुणाला भिणार नाही. आता त्याला स्वतःलाच स्वतःचं ओळखू येत नव्हतं.

अजून शिक्षेचं मत उरलं होतं. फिर्यादीनं मृत्यू मागितला, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. आरोपीनं त्याऐवजी काहीतरी दुसरं सुचवायचं असतं: हद्दपारी, दंड, काहीही, पण पंचांना पटेल असं. फिलिनोस मनात ओरडत होता, हद्दपारी म्हण, लेका, हद्दपारी म्हण. पण पंचानं आरोपीशी बोलायचं नसतं. लिसानियास उभा राहिला. आता त्याच्याकडे घोकलेलं काहीच नव्हतं. तो म्हणाला, "मला परत दिवे करायला धाडा. आणि पुन्हा कधी त्या सोडतीत माझं नाव घालू नका." आधी हशा पिकला. मग हशाच्या खालून काहीतरी वळवळत वर आलं. कुणीतरी ओरडलं, "सोडतीला नावं ठेवतोस? देवाच्या हातची सोडत ती!" दुसरा म्हणाला, "म्हणजे आम्ही सगळे मूर्ख, होय रे?" फिलिनोसनं या वेळी चकत्या घेतल्या त्या डोळ्यांसमोर धरून, लाज सोडून, शेजारी बघतोय का याची पर्वा न करता. भोक नसलेली काशात, भोक असलेली लाकडात. आयुष्यात इतक्या काळजीनं त्यानं काहीच केलं नव्हतं, पोराला पाळण्यात ठेवतानाही नाही. मोजणी झाली. मृत्यूच्या बाजूनं तीनशे अकरा. ज्या एकसष्ट जणांनी मघाशी त्याला निर्दोष म्हटलं होतं, त्यांनीच आता त्याला मारलं होतं, रागावून. चुकलो तेव्हा माझ्या एका मताला एका माणसाच्या जिवाइतकं वजन होतं, फिलिनोसला वाटलं, आणि नीट टाकलं तेव्हा त्याला पिसाइतकंही राहिलं नाही.

बाहेर ऊन होतं. चौकात मासळीवाले नेहमीसारखे ओरडत होते, एक बाई कांद्यांवरून घासाघीस करत होती, आणि यातल्या कशालाच काहीही झालं नव्हतं. खांबांच्या सावलीत त्याचा मुलगा हेगियास उभा होता. हेगियास गेली दोन वर्षं शहराबाहेरच्या उपवनात एका गुरूच्या पायाशी बसत होता. तिथं झाडाखाली बसून चांगलं राज्य कसं असावं याचा खल चाले, आणि त्या राज्यात आपलं शहर कधीच बसत नसे. बापलेकांचं जेवताना रोज यावरून वाजे. "बाबा, कातडं चुन्यात किती दिवस ठेवायचं हे तुम्ही टेकडीवरच्या सभेत हात वर करून ठरवता का?" "नाही." "का नाही?" "कुजेल म्हणून." "आणि शहर कुजत नाही?" मग फिलिनोस जवाच्या भाकरीचा तुकडा तेलात बुडवून म्हणे, "कातडं बिघडलं तर मी फेकून देतो. तुझे ते ज्ञानी राजे बिघडले तर त्यांना कोण फेकून देणार?" आणि मग तो आपल्या थोरल्या चुलत्याची गोष्ट सांगे. फिलिनोस अकरा वर्षांचा होता तेव्हा शहरावर तीस जणांचं राज्य आलं. ते सोडतीनं आले नव्हते. शिकलेले होते, सुंदर बोलायचे, शहराला शुद्ध करायचं म्हणत होते. त्यांनी चुलत्याला जेवत्या पानावरून उठवून मारायला नेलं. तोंडातला घास गिळू द्यावा एवढंच तो म्हणत होता. फिलिनोसची आई नंतर कित्येक महिने धान्य दळताना एकच गाणं गायची, दगडाच्या पुढंमागं होण्यावर तिचा आवाज पुढंमागं व्हायचा:

एका शेंगेत सात दाणे, एक किडका निघाला
सांग बाई कोणापाशी, दोष त्याचा जमा झाला
शेंग म्हणे दाण्यापाशी, दाणा म्हणे मातीपाशी
माती गप्प, पाऊस गप्प, आणि मी राहिले उपाशी

त्या गाण्याचं तो हेगियासला कधी सांगत नसे. गाणं वादात चालत नाही.

"ऐकलं मी," हेगियास म्हणाला. आज त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, तो बापाच्या कोपराला हात लावून चालू लागला. फिलिनोसनं त्याला सांगितलं. आडवळण न घेता, वाटेतल्या हौदापाशी थांबून. हेगियास हौदातल्या पाण्याकडे वळला. मग हळू म्हणाला, "बाबा, हा तुमचा दोष नाही. तुम्हाला तिथं बसवणाऱ्याचा आहे. ज्याला माणसाचं मन जोखता येत नाही, धान्य जोखता येत नाही, त्याच्या हातात शहरानं दोन चकत्या का द्याव्या? नीट लावलेल्या नगरात प्रत्येकजण आपापलं एकच काम करील. लिसानियास दिवे करील. कुणी त्याला कोठारावर धाडणार नाही." "आणि मी?" "तुम्ही कातडी कमवाल. सुखात." "आणि न्याय?" "तो ज्यांना कळतो ते करतील." "ते चुकले तर?" "ते चुकणार नाहीत, बाबा. तेच तर." पोरगा प्रेमानं बोलत होता. फिलिनोसला ते नगर दिसलं. पांढरं, मोजून मापून लावलेलं, रस्ते सरळ, दुपारच्या उन्हात एकही सावली वाकडी नाही. त्यात आपण आपल्या हौदापाशी कातडं ढवळत उभे आहोत, आणि कुणी येऊन कधीच काही विचारत नाही. तिथं लिसानियास जगला असता, हे खरं होतं. तिथं आजच्यासारखं छातीत काही तुटलंही नसतं, कारण तिथं ते तुटायला कुणी आपल्या हाती दिलंच नसतं. आणि तीस जणही म्हणाले होते, आम्ही चुकणार नाही. पण हे तो आज बोलला नाही. चाळीस वर्षं ज्या वाक्यावर तो टेकून उभा होता, ते वाक्य तोंडात आलं आणि त्याला त्याची चव लागेना. या पोराचं नगरही नको आणि आपलंही उरलं नाही. मग माणसानं राहायचं तरी कुठं? "तू घरी जा," तो म्हणाला. "कुठं निघालात?" "लिसानियासच्या निकारेतेकडे." "बाबा, नका जाऊ. काय सांगणार तिला?" "जे तुला सांगितलं ते." "त्यानं तिचं काय भलं होणार?" फिलिनोस वळला आणि चालू लागला.

लिसानियासच्या अंगणात कच्चे दिवे फळीवर ओळीनं वाळत होते. निकारेते दाराशी उभी राहून धुतलेलं पांढरं वस्त्र घडी करत होती. तिचे डोळे कोरडे होते आणि हात घाईत होते. आत तिची जाऊ मुलांना काहीतरी भरवत होती. "या, काका," ती म्हणाली. "तुम्ही आठवे." "आठवा?" "दुपारपासून सात जण येऊन गेले. सगळे पंच होते. सगळे म्हणाले, आम्ही त्याच्याच बाजूनं होतो, वहिनी. एवढे सगळे होते तर त्याला मरणाची शिक्षा झाली कशी म्हणते मी?" तिनं घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "फक्त एक हवा होता म्हणे. एक. मला झोप नाही यायची आता कधी. पाणवठ्यावर गेले तरी मी एकेकाचं तोंड बघत बसणार." "निकारेते," फिलिनोस म्हणाला, "तो एक मी." तिनं वर पाहिलं. "माझं मन राखायला बोलू नका असलं. मला राग धरायला कुणीतरी मिळावं म्हणून स्वतःला पुढं करताय. नको." "नाही पोरी. खरं सांगतोय. भरीव टाकायची होती, पोकळ पडली. माझ्या बोटांना कळत नाही. मी सांगायला हवं होतं कुणाला तरी, लाजलो." त्यानं हात पुढं केले, उगाच, जणू ते साक्षीदार होते. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि हळूहळू तिला पटत चाललेलं त्याला दिसलं. आता ही ओरडेल, त्याला वाटलं. आता फळीवरचा दिवा उचलून मारील. त्याला ते इतकं हवं होतं की तो एक पाऊल पुढं सरकला.

ती ओरडली नाही. तिनं एकदा मावळतीकडे पाहिलं. "सूर्य बुडायच्या आत तुरुंगात पोचायला सांगितलंय," ती म्हणाली. "तुमचं हे घेऊन बसायला मला आत्ता वेळ नाही, काका. नंतर कधी रडेन तुमच्यावर. उद्या, परवा." मग तिनं ती घडी त्याच्या हातांवर ठेवली. "हे धरा. मला मुलांना घ्यायचंय. माझे दोन्ही हात अडकतील." आणि तो निघाला, ती दोन मुलांना धरून पुढं आणि तो तिच्या नवऱ्याचं शेवटचं वस्त्र घेऊन मागं. गल्लीतल्या बायका दारांतून बघत होत्या. एक म्हणाली, "बघ, फिलिनोसआजोबा निघालेत बरोबर. आहेत असे शेजारी अजून." त्याला वाटलं, उभं राहून या बाईला सांगावं. पण निकारेते भरभर चालत होती, आणि वस्त्र जमिनीला लागू द्यायचं नव्हतं.

तुरुंगाच्या दाराशी पहारेकरी तिला ओळखत होता, तो बाजूला झाला. ती उंबऱ्याशी थांबली आणि न वळता म्हणाली, "त्याला सांगू नका." "निकारेते—" "आत तो म्हणेल, फिलिनोसकाका तरी माझे होते. त्याला इकडं आणताना हेच म्हणत होता. सात जण आले त्यातल्या एकाचंही मला खरं वाटलं नाही, पण त्याला तुमचं वाटतंय. ते राहू दे त्याच्यापाशी. एवढं तुम्ही मला देणं लागता." मग मुलांना पुढं घालून ती आत गेली.

आत ओल होती आणि भिंतीला उंच एक झरोका होता. लिसानियासच्या पायाला बेड्यांचे वळ होते, बेड्या मघाशीच काढल्या होत्या, तो घोटे चोळत बसला होता. धाकटीनं त्याच्या कुशीत तोंड खुपसलं. सगळे काय बोलतात तेच ते बोलले. थोरल्याला नीट खायला सांगणं झालं, भट्टी कुणाला द्यायची ते झालं, छपराचं एक कौल फुटलंय ते झालं. फिलिनोस दाराजवळ वस्त्र धरून उभा होता, आणि त्याला वाटत होतं की आपण कुणाला दिसू नये. पण लिसानियासनं मान वर केली. "काका, या ना. तिकडं का?" तो गेला. लिसानियासनं त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. "भाषण विसरलो तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होतो. एवढ्या तोंडांत एक ओळखीचं. म्हटलं, हा एक तरी आहे." फिलिनोसनं निकारेतेकडे पाहिलं. ती मुलाच्या केसांतून बोटं फिरवत होती, नजर वर न करता. "होतो," तो म्हणाला. शब्द आपला आपणच बाहेर आला, कुणीतरी ढकलल्यासारखा.

लिसानियासनं मान डोलावली. जणू एक काम नीट झालं. मग बाहेर कुणाच्यातरी चालण्याचा आवाज जवळ आला आणि थांबला. "दोनशे एक्कावन्न," तो म्हणाला. "एकाचा प्रश्न होता हो, काका. मी सारखा विचार करतोय, कोण असेल. मला कुणी शत्रू नव्हता. तुम्ही रोज त्यांच्यात बसता. कधी कळलंच, तो कोण ते, तर त्याला माझं एक विचाराल?"

"काय?"

"म्हणावं, मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

दार उघडलं. दारातल्या माणसाच्या हातात विषाचा प्याला होता आणि तो सांडू नये म्हणून तो बेतानं पावलं टाकत होता.

"विचारीन," फिलिनोस म्हणाला.